सुंदर चित्रातील जखम

निसर्गचित्र म्हटले की रसिक मनाने आधीच निवांत होतो. वॉल्टन फोर्ड हा अमेरिकन चित्रकार नेमका या निवांतपणावरच घाव घालतो. १९६० साली न्यूयॉर्क राज्यातील लार्चमाँट येथे जन्मलेला फोर्ड ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकला. प्रचंड कागदावर, पुष्कळदा प्राण्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढी जलरंगचित्रे तो काढतो. पिवळट पार्श्वभूमी, कडेला जुन्या वळणाचे हस्ताक्षर. पाहणाऱ्याला वाटावे, एकोणिसाव्या शतकातील एखाद्या ग्रंथाचे हे पान आहे.

हा भास हेतुपुरस्सर आहे. जॉन जेम्स ऑड्यूबॉनचा ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ हा ४३५ चित्रांचा संग्रह १८२७ ते १८३८ या काळात निघाला. त्यातील पक्षी जिवंत वाटतात. पण ते बहुतेक बंदुकीने टिपून, तारांनी हव्या त्या पवित्र्यात ताणून रंगवलेले. १८३३ साली एक जिवंत सोनेरी गरुड ऑड्यूबॉनने कोळशाच्या धुराने गुदमरवून पाहिला. तो मरेना, तेव्हा टोकदार पोलाद त्याच्या काळजात खुपसले. चित्रात यातले काहीच उरले नाही. फोर्डच्या ‘डिलिरियम’मध्ये ते वगळलेले सारे परत येते.

‘फॉलिंग बाऊ’ (२००२) हे त्याचे अधिक अवघड चित्र. प्रवासी कबुतरांनी लगडलेली अजस्र फांदी मोडून कोसळते आहे आणि पक्षी मात्र आपसांतील क्रौर्यात दंग आहेत. एके काळी अब्जावधींनी असलेल्या या जातीतील शेवटची कबुतरी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. चित्र पाहताना क्षणभर वाटते, या पक्ष्यांनी आपला नाश ओढवून घेतला. हीच तर मारणाऱ्याची सबब! फोर्ड ती आपल्याच मनात उमटवतो आणि आपल्याला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून आरोपीच्या जागी बसवतो.

१९९०च्या दशकात फोर्ड काही महिने भारतात राहिला होता. त्याच्या चित्रांच्या ग्रंथाचे नावही ‘पंचतंत्र’. साम्य मात्र नावापुरतेच. पंचतंत्रातील प्राणी माणसाला शहाणपण शिकवतात, आणि गोष्टीअखेरीस तात्पर्य हाती पडते. फोर्डचे प्राणी माणसाने लादलेल्या भूमिकेचे ओझे वाहतात. तात्पर्य कोणी सांगत नाही.

एक आक्षेप उरतोच. फोर्डचा हात इतका देखणा आहे की नजर पिसांच्या झळाळीतच अडकते, आणि जखम नंतर दिसते. कधी कधी तर दिसतच नाही. ज्या मोहिनीवर तो बोट ठेवतो, तिचाच त्याला आधार घ्यावा लागतो. पण ओबडधोबड चित्रातून हा आरोप पोचलाच नसता. सुंदर चित्र पाहताना त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न फोर्डनंतर टाळता येत नाही. त्याचे मोठेपण मी यातच मानतो.