सांगितलेले आणि न सांगितलेले युद्ध

सोलापूरच्या आमच्या धर्मग्रामात पूर्वी एक निवृत्त हवालदार होते. १९६२ साली ते ईशान्य सीमेवर होते. मिस्सा आटोपल्यावर मुले त्यांना लढाईची गोष्ट विचारीत, तेव्हा ते एवढेच म्हणत, "तिकडे थंडी फार होती." प्रजासत्ताकदिनी त्यांनी शाळेत भाषण करावे असा आम्ही आग्रह धरला. त्यांनी हात जोडले. तो विनय असावा, अशी आम्ही समजूत करून घेतली. त्याच युद्धावर सैनिकांनी लिहिलेले ग्रंथ पुढे वाचनात आले, तेव्हा आमची समजूत किती उथळ होती हे उमगले.

लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचे 'द अनटोल्ड स्टोरी' १९६७ साली आणि ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांचे 'हिमालयन ब्लंडर' १९६९ साली प्रसिद्ध झाले. १० ऑक्टोबर १९६२ रोजी, नामका चू नदीपलीकडे त्सेंग जाँग येथे चकमक झडली, त्या दिवशी दोघेही त्या आघाडीवर होते. कौल त्यानंतर दिल्लीस गेले. दळवी आपल्या सातव्या ब्रिगेडसह नदीकाठीच राहिले. २० तारखेस मोठा हल्ला झाला, २२ तारखेस ते पकडले गेले आणि मे १९६३ मध्ये सुटून आले.

प्रसंग एक, पण कथने दोन! कौलांचे लेखन वकिली थाटाचे आहे. आपल्यावरील प्रत्येक आरोपास उत्तर देण्याच्या घाईत रणभूमीवरचा जवान त्यांच्या पानांतून निसटतो. दळवींच्या पानांवर मात्र तो सतत दिसतो. अपुरे गरम कपडे, मोजका दारूगोळा आणि वरून आलेले अशक्य हुकूम यांचा हिशेब ते मांडतात. त्यांचा संताप वाचकाला हलवून सोडतो. परंतु हा संताप प्रतिपक्षाची बाजू ऐकून घेण्यास क्वचितच थांबतो, हा या श्रेष्ठ ग्रंथाचा दोषही नोंदविलाच पाहिजे.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६१ पर्यंत पूर्व विभागाचे सेनापती होते. या संकटाचा इशारा त्यांनी आधीच दिला होता. त्यांचे आत्मचरित्र १९८६ साली आले. "मी सांगितले होते" असे म्हणण्याचा अधिकार ज्यास सर्वाधिक, त्याचा स्वर तुलनेने संयत असावा, हे लक्षणीय आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी सुमारे अर्धशतकाने याच पराभवावर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यास त्यांनी 'न सांगण्याजोगी गोष्ट' असे नाव दिले आणि ती गोष्ट सांगितली. नदीकाठचा गारठा त्यात दळवींइतका जाणवत नाही, पण समतोल अधिक आहे.

हा फरक केवळ स्वभावाचा नव्हे. कोण कोठे उभा होता, किती वर्षांनी बोलला आणि कोणासमोर बोलला, यावर कथनाचा स्वर ठरतो. प्रायश्चित्त संस्कारात आपण शेजाऱ्याची पापे सांगत नाही, स्वतःची सांगतो. युद्धकथनासही आम्ही हीच कसोटी लावू. दोषांच्या यादीत लेखकाने स्वतःचे नाव कोठे लिहिले आहे? या कसोटीवर यांपैकी कोणताच ग्रंथ पूर्ण उतरत नाही, तथापि दळवी कौलांपेक्षा बरेच पुढे जातात.

आणि जे लिहीतच नाहीत त्यांचे काय? आमचे हवालदार दरवर्षी ऑक्टोबरात मृतांसाठी मिस्सा अर्पण करावयास सांगत आणि हेतूंच्या वहीत स्वहस्ते काही नावे लिहीत. त्यांत एकही ख्रिस्ती नाव नसे. आम्ही ती नावे वेदीवरून वाचली, पण ही माणसे कोण, असे एकदाही विचारले नाही. आज वाटते, त्यांनी आपले युद्ध सांगितलेच होते. ते ऐकण्यास आम्हीच कमी पडलो. वाचकहो, तुमच्या घरी असा कोणी वृद्ध सैनिक असेल, तर त्याच्याकडे पराक्रमाची कथा मागू नका. त्याच्या सोबत्यांची नावे विचारा, आणि तो गप्प राहिला तर जवळ बसून राहा.