पहिल्या पानावरची भूक, आतल्या पानावरचा खेळ

उस्मानाबाद हे नाव आमच्या समाजातील घराघरांत पोहोचले ते जानेवारी २०२० मध्ये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ह्या जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, सारिका काळे ह्यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. ह्या खेळाच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी आला. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. संमेलनाविषयी आम्ही सर्वांनी पुष्कळ लिहिले. सारिकाताईंविषयी वृत्तपत्रांनी लिहिले, आणि त्या लेखनाविषयी आम्हांस आज थोडे बोलावयाचे आहे.

त्या दिवसांतली काही कात्रणे आमच्यापाशी आहेत. शब्द निराळे, पण साचा एकच. घरची गरिबी, आईचे शिवणकाम, दिवसाकाठी एकच जेवण, आणि मग पुरस्कार. ह्यांतील एकही गोष्ट खोटी नाही. सारिकाताईंनीच ती वृत्तसंस्थेला सांगितली होती. परंतु कात्रण वाचून संपते तेव्हा वाचकाला त्यांच्या घरातील चूल दिसलेली असते, मैदान दिसलेले नसते. ‘क्रीडापटू’ ह्या शब्दात ‘पटू’ म्हणजे कुशल. ते कौशल्य कोणते, ह्याविषयी आमच्या कात्रणांत अवाक्षर नाही. एखाद्या गायिकेविषयी लिहिताना तिच्या गळ्याविषयी काहीच न लिहिण्यासारखे हे झाले.

वास्तविक खो-खोइतका लिहिण्याजोगा खेळ विरळा. आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसलेले, नववा पाठलागावर. पळणाऱ्याला वाटेल तिकडे वळण्याची मुभा आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला माघारी फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. म्हणून नुसत्या वेगाने येथे गडी टिपला जात नाही. आपला वेग कोणत्या क्षणी थांबवून दुसऱ्याच्या हवाली करावयाचा, हे ज्याला उमगते तोच खरा खेळाडू. खो पाठीमागूनच द्यावा लागतो. तो ज्याला मिळतो त्याने मिनिटन्‌मिनिट बसून राहूनही अर्ध्या क्षणात झेपावयाचे असते. खांबावर अंग झोकून सूर मारताना शरीराचा तोल किती सोडावा आणि किती राखावा, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरते. ते उपासाने येत नाही. उपास लक्षावधी माणसांना घडतो.

‘परिस्थितीवर मात’ हे तर अशा लेखांचे ठरलेले शीर्षक. (‘मात’ हा शब्ददेखील एका खेळाचाच, बुद्धिबळाचा, तेवढाच काय तो खेळ लेखात शिल्लक राहतो!) सारिकाताईंचे स्वतःचे सांगणे मात्र काळजीपूर्वक वाचावे. घरच्या परिस्थितीमुळेच आपण खेळाकडे आलो, असे त्या म्हणतात. तेराव्या वर्षी खो-खो खेळणाऱ्या मामा-काकांच्या पिढीतल्या एका नातलगाने त्यांना मैदानावर नेले. चांगले अन्न मिळे ते शिबिरात आणि स्पर्धांच्या वेळी. म्हणजे त्यांच्या कथेत मैदान हे भुकेच्या पल्याडचे बक्षीस नव्हते. ताट तेथेच होते. लिहिणाऱ्यांनी ‘मुळे’चे ‘असूनही’ केले, आणि एका शब्दयोगी अव्ययाच्या फेरफाराने अवघ्या आयुष्याचा अर्थ बदलला. २०१६ मध्ये आर्थिक ओढाताणीने खेळ सोडण्याच्या विचारात त्या होत्या, आणि प्रशिक्षक चंद्रजित जाधव ह्यांनी समजूत घातल्यावर मैदानावर परतल्या. हा प्रसंगही दोन ओळींत उरकलेला. कोणती ओढ माणसाला मैदानावर परत आणते, हे विचारावेसे कोणास वाटले नाही. पुढे तुळजापूर येथे त्या क्रीडा अधिकारी झाल्या, एवढ्यावर लेख संपतो.

मराठीला हे लिहिता येत नाही, असे नाही. वि. वि. करमरकरांनी देशी खेळांना क्रीडापानावर मानाने बसविले. आजही खो-खोच्या सामन्याचा निकाल आतल्या पानावर बारीक टाइपात येतो, तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंसात किती मिनिटे पळती केली आणि किती गडी टिपले, हे छापलेले असते. तो कंस कोरडा असेल, पण पहिल्या पानावरील अश्रूंपेक्षा त्यात खेळाडूचा मान अधिक राखलेला आहे, असे आमचे मत झाले आहे.

हे मत आमचे आम्हांला सुचले नाही, हेही सांगून टाकतो. धर्मग्रामाच्या क्रीडादिनी आम्हीच माईकवरून सारिकाताईंची कथा सांगितली, त्या एका जेवणासह. टाळ्या पडल्या, काही मातांनी डोळे पुसले. बक्षिसे वाटून झाल्यावर शाळेच्या खो-खो संघातील एक मुलगी, गुडघ्यांवर माती तशीच, आमच्याजवळ येऊन म्हणाली, “फादर, पण त्या खेळल्या कशा, ते तुम्ही सांगितलंच नाही.” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ती ऐकून घेऊन मैत्रिणींकडे निघून गेली. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होते, आतले पान वर करून घडी घातलेले.