अस्वल कानात काहीच सांगत नाही

दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. अस्वल दिसताच एक जण झाडावर चढतो. दुसरा जमिनीवर पडून मेल्याचं सोंग घेतो. अस्वल त्याला हुंगतं आणि निघून जातं. झाडावरचा खाली उतरून विचारतो, 'काय रे, कानात काय सांगितलं त्याने?' उत्तर आपल्याला पाठ आहे: संकटात सोडून जाणाऱ्या मित्रावर विश्वास ठेवू नकोस.

मागच्या जुलैत मी आणि माझा कॉलेजचा रूममेट अमेरिकेत मोंटानामधल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात चार दिवस हायकिंगला गेलो. तो सिएटलला असतो, मी ऑफिसच्या कामासाठी तिथे गेलो होतो. तिथे ग्रिझली आहेत हे कळल्यावर मी जाण्याआधी मिळेल ते वाचलं, पाहिलं. त्यातल्या दोन गोष्टी अजून डोक्यात आहेत. एक फिल्म आणि एक पुस्तक. फिल्म जगभर नावाजलेली, पुस्तक जवळजवळ मॅन्युअल. तरी अस्वलाबद्दल जास्त खरं पुस्तकच बोलतं, असं मला वाटतं. का, ते सांगतो.

'ग्रिझली मॅन' ही वर्नर हर्त्झॉगची २००५ची डॉक्युमेंटरी. टिमथी ट्रेडवेल नावाचा माणूस तेरा उन्हाळे अलास्कात जाऊन ग्रिझलींच्या मधोमध तंबू ठोकून राहिला. त्याने त्यांना नावं दिली, लहान मुलांशी बोलावं तसा त्यांच्याशी बोलला, आणि ते सगळं कॅमेऱ्यात टिपत राहिला. ऑक्टोबर २००३मध्ये कटमाई नॅशनल पार्कात अस्वलाने त्याला आणि त्याची मैत्रीण एमी ह्युगनार्ड हिला मारून खाल्लं. हर्त्झॉगने मुख्यतः ट्रेडवेलच्याच फुटेजमधून ही फिल्म उभी केली आहे.

फिल्म जबरदस्त आहे, हे आधीच कबूल करतो. हल्ल्याच्या वेळी कॅमेरा सुरू होता पण लेन्सवर झाकण होतं, त्यामुळे फक्त आवाज रेकॉर्ड झाला. हर्त्झॉग तो हेडफोनवर ऐकतो. समोर ट्रेडवेलची जुनी मैत्रीण बसली आहे आणि आपल्याला तिचा चेहरा दिसतो. ऐकून झाल्यावर तो तिला सांगतो की हे तू कधीही ऐकू नकोस, नष्ट कर. आपल्याला तो एक सेकंदही ऐकवत नाही. एवढा संयम असलेला दिग्दर्शक विरळा. मी तिथे लॅपटॉप बंद करून खाली चक्कर मारून आलो.

माझी तक्रार वेगळी आहे. ट्रेडवेलला अस्वलाच्या डोळ्यांत मित्र दिसतो. हर्त्झॉगला त्याच डोळ्यांत निसर्गाची थंड बेफिकिरी दिसते आणि खाण्याबद्दलची अर्धवट कंटाळलेली उत्सुकता. फिल्मभर या दोघांचा वाद चालतो आणि आपल्याला वाटतं की यांच्यापैकी कोणीतरी एक बरोबर असणार. पण दोघंही गोष्टीतल्या त्या मित्रासारखेच आहेत. अस्वल हुंगून गेलं, आणि त्याने कानात काय सांगितलं ते हे आपल्याला सांगताहेत.

पुस्तक आहे कॅनडातल्या स्टीफन हेरेरो या शास्त्रज्ञाचं, 'बेअर अटॅक्स'. पहिली आवृत्ती १९८५ची. यात अस्वल मित्र नाही, दैत्यही नाही. दर घटनेत प्रश्न तेच: अस्वल कुठल्या जातीचं होतं? सोबत पिल्लं होती का? जवळ खाणं होतं का? माणूस अचानक समोर आला की अस्वल आधीपासून त्याच्या मागावर होतं? सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर कोसळला की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. त्यात 'कोणाची चूक' यापेक्षा 'हे कसं घडत गेलं' याला महत्त्व असतं. मला हे पुस्तक तसं वाटलं. भाषा कोरडी आहे, जखमांची वर्णनं वाचवत नाहीत. पण मेलेल्या माणसावर शेरेबाजी नाही. 'ग्रिझली मॅन'मध्ये एक हेलिकॉप्टर पायलट ट्रेडवेलबद्दल 'त्याच्या लायकीचंच मिळालं' अशा सुरात बोलून जातो, ते ऐकल्यावर या कोरडेपणाची किंमत कळते.

या प्रश्नांमधूनच ती प्रसिद्ध विभागणी येते: बचावाचा हल्ला आणि शिकारीचा हल्ला. वळणावर अचानक समोर आलात आणि पिल्लांसोबतची ग्रिझली अंगावर आली, तर तिला धोका संपवायचा असतो. तिने तुम्हाला गाठलंच, तर पाठीवरची सॅक न काढता पोटावर पालथं पडायचं, मानेमागे हात गुंफायचे आणि ती लांब जाईपर्यंत हलायचं नाही. पण अस्वल शांतपणे तुमच्या मागे येत राहिलं किंवा रात्री तंबूत घुसलं, तर सोंग घेणं म्हणजे ताटात जाऊन पडणं. तिथे जीव तोडून लढायचं. आपल्या गोष्टीतल्या अस्वलाला काय हवं होतं, हे गोष्ट विचारतच नाही. तिचं झाडही कामाचं नाही, कारण काळी अस्वलं झाडावर सहज चढतात. (हे सगळं उत्तर अमेरिकेतल्या अस्वलांबद्दल. आपल्या मेळघाटातलं अस्वल वेगळं जनावर आहे, त्याला हे नियम जसेच्या तसे लावू नका.)

हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये अलास्कातल्या बेअर स्प्रेच्या ८३ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मिरचीच्या फवाऱ्यामुळे दहापैकी नऊहून जास्त वेळा अस्वल थांबलं होतं. ट्रेडवेलने नंतरच्या वर्षांत स्प्रे बाळगणं सोडून दिलं होतं. अस्वलांना त्रास नको म्हणून. तंबूभोवती विजेचं कुंपणही नव्हतं. शेवटच्या वर्षी तो नेहमीपेक्षा उशिरापर्यंत थांबला. हिवाळ्याआधी चरबी साठवायला अस्वलं भुकेली असण्याचे दिवस, आणि आजूबाजूला अनोळखी अस्वलं. उशिरा थांबल्याचं फिल्ममध्येही येतं, पण नियतीच्या सुरात. हेरेरोच्या पद्धतीने पाहिलं तर त्यात नियती नाही. चार-पाच निर्णय आहेत, आणि त्यातला प्रत्येक बदलता आला असता.

या निर्णयांची किंमत एकट्या ट्रेडवेलने दिली नाही. फिल्ममध्ये मृतदेह तपासणारा डॉक्टर त्या रेकॉर्डिंगबद्दल सांगतो. ट्रेडवेल एमीला पळून जा म्हणत होता, आणि ती पळाली नाही. हातातल्या तव्याने ती अस्वलाला मारत राहिली. म्हणजे झाडावर न चढलेला मित्र या फिल्ममध्ये आहे. आपल्या गोष्टीने जे मागितलं ते सगळं तिने केलं. शंभरेक तासांच्या फुटेजमध्ये ती मोजून काही क्षण दिसते, चेहरा नीट दिसतही नाही. हर्त्झॉग हे स्वतः नोंदवतो, आणि पुन्हा ट्रेडवेलकडे वळतो. शिवाय त्यांना शोधायला गेलेल्यांनी दोन अस्वलं गोळ्या घालून मारली. ज्यांना वाचवायला ट्रेडवेल तिथे होता, त्यांच्यातलीच.

आता माझी गोष्ट. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास जाग आली. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात हात गेला आणि भाकरवडीचं अर्धं पाकीट लागलं. मित्राच्या आईने पाठवलेलं, दुपारी मीच फोडलेलं. तिथला नियम साधा आहे: खाणं, टूथपेस्ट, वासाची कुठलीही वस्तू तंबूत नको, बंद गाडीत किंवा लोखंडी पेटीत ठेवायची. हा नियम कुठून आला ते मला माहीत होतं. ऑगस्ट १९६७मध्ये याच पार्कात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी एकोणीस वर्षांच्या दोन मुलींना मारलं. त्यातल्या एका ठिकाणी पर्यटकांना अस्वलं दिसावीत म्हणून लॉजमागे उरलंसुरलं अन्न टाकलं जायचं. माणूस म्हणजे खाणं, हे अस्वल असं शिकतं. शिकलेलं अस्वल शेवटी बहुतेक गोळीनेच मरतं.

मित्र शेजारी घोरत होता. मी हेडलॅम्प लावला, एका हातात स्प्रे, दुसऱ्या हातात पाकीट, आणि मोठ्याने बडबडत गाडीपर्यंत गेलो. चाळीस पावलं असतील. अस्वल वगैरे काही आलं नाही. सकाळी त्याने विचारलं, "अरे, रात्री कुणाशी बोलत होतास?" मी म्हणालो, "झोपेत असेन." भाकरवडीचं त्याला अजून सांगितलेलं नाही. हा लेख तो वाचेलच.

'ग्रिझली मॅन' पाहा, जरूर पाहा. पण जंगलात जाणार असाल तर मॅन्युअलही वाचा, आणि भीतीपोटी लिहिलेली यादी म्हणून वाचू नका. अस्वल आल्यावर मित्र काय करतो, यावर आपली गोष्ट मैत्री जोखते. मॅन्युअल तो प्रश्न अस्वल यायच्या आधी विचारतं. रात्री दोन वाजता, तुझ्या सॅकमध्ये काय आहे?