त्राखोनीती, अर्गोब आणि नावाच्या अर्थावरून केलेली स्थळनिश्चिती

दमास्कसच्या दक्षिणेस थिजलेल्या लाव्हाचा सुमारे ९०० चौरस किलोमीटरचा दगडाळ प्रदेश पसरला आहे. ग्रीक भाषेत अशा खडबडीत भूमीस ‘त्राखोन’ म्हणत. त्यावरून त्राखोनीती हे प्रांतनाम आले. लूककृत शुभवर्तमानात (३:१) तो फिलिप्पाच्या अंमलाखाली दाखविला आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक भाष्यकारांनी हाच प्रदेश म्हणजे ओग राजाच्या साठ नगरांचा अर्गोब (अनुवाद ३:४) असे मानले.

या समीकरणाचे आधार दोन. अरामी तार्गुमात अर्गोबऐवजी त्राखोना येते. आणि अर्गोबसोबत येणाऱ्या ‘हेवेल’ (दोरी) या हिब्रू शब्दात लाव्हाच्या रेखीव कडेचे वर्णन आहे, अशी समजूत. पैकी पहिल्यावरून फार तर उत्तरकालीन भाषांतरकारांची समजूत कळते. दुसरा आधार तर टिकतच नाही; दोरीने मोजलेला जमिनीचा वाटा, म्हणजे केवळ प्रांत, या अर्थाने तो शब्द हिब्रूत सर्रास येतो. उलट अर्गोबचा संबंध ज्या ‘रेगेब’ शब्दाशी जोडतात त्याचा अर्थ ढेकूळ. ढेकूळ नांगरलेल्या रानात सापडते, कातळावर नव्हे. दख्खनच्या वाचकास हा भेद समजावून सांगावा लागू नये : काळा पाषाण झिजला की काळी जमीन होते. हौरानच्या मैदानात जुना लाव्हा झिजून गव्हाची जमीन झाली. त्राखोनीतीचा लाव्हा त्या मानाने नवा, म्हणून अद्याप उघडा. ही व्युत्पत्तीही निर्णायक नाही. परंतु शब्दार्थालाच साक्षीस बोलवायचे, तर ती साक्ष उलट पक्षाची आहे.

अरबीत याच प्रदेशाला लजा, म्हणजे आश्रयस्थान, म्हणतात. येथील गुहांत राहणाऱ्या लुटारूंचे वर्णन जोसेफसने केले आहे. १८३८ च्या उठावात द्रूझांनी इब्राहीम पाशाच्या फौजेला येथूनच झुंजविले.

शब्दाचे खरे महत्त्व भूगोलापेक्षा लूकच्या संहितेत आहे. प्रांतनामानंतर अवघ्या चार वचनांनी, यशयाच्या अवतरणात, खडबडीत वाटा सपाट होण्याचा उल्लेख येतो आणि तेथे ‘त्राखिस’ हेच विशेषण आहे. नव्या करारात ते दोनदाच आढळते. दुसरे स्थळ प्रेषितांची कृत्ये (२७:२९), तेही लूकचेच. यशयाचे अवतरण मार्क व मत्तय यांच्यापेक्षा लूकने लांबविले, म्हणूनच हा शब्द येथे आला. एवढ्यावरून हेतुपूर्वक श्लेष सिद्ध होत नाही, पण ग्रीक श्रोत्याच्या कानी तो नाद पडला असणार. मराठीत विशेषनामाचे लिप्यंतर आणि विशेषणाचे भाषांतर होत असल्याने तो तुटतो. येथे भाषांतरकाराचा दोष नाही. एका ओळीची तळटीप मात्र देता येईल.