रेटिक १.२ टक्के, म्हणजे नॉर्मल?

नांदेड-लातूरकडे पॅनसायटोपेनियावर काम करायचं ठरवलंत, तर वाचनाची सुरुवात हॉस्पिटलमधल्या जुन्या प्रबंधांपासूनच होणार. माझीही तिथूनच झाली. त्यांत कष्ट आहेत, केसेसही भरपूर. पण अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या तक्त्यापाशी आलं की माझी तक्रार सुरू होते: सगळं टक्क्यांत.

एक रिपोर्ट घ्या (आकडे मीच बनवलेत). हिमोग्लोबिन ५, तांबड्या पेशी १५ लाख, पांढऱ्या १८००, प्लेटलेट १५ हजार, रेटिक १.२ टक्के. छापील रेंज ०.५ ते २.५, म्हणजे नॉर्मल? गुणाकार करा. १५ लाखांचे १.२ टक्के म्हणजे फक्त १८ हजार. मज्जा जवळजवळ बंद पडलीय! पुढे लिम्फोसाइट ८५ टक्के, आणि शेरा 'लिम्फोसायटोसिस'. अहो, त्या १५३० आहेत, वाढल्यात कुठे? न्यूट्रोफिल १२ टक्के, म्हणजे २१६ च उरल्यात, म्हणून त्या जास्त दिसतात. २०० च्या खाली गेलं की रुग्ण अतितीव्र गटात जातो, आणि साधा ताप जिवावर बेततो.

कॅमिटांचे १९७६ चे निकष सगळेच लिहितात: न्यूट्रोफिल ५०० खाली, प्लेटलेट २० हजारांखाली, रेटिक कमी, यांपैकी दोन. मज्जा रिकामी असल्याची बायोप्सीची अट मात्र निम्म्या वेळा गाळलेली. शिवाय रेटिक हाताने मोजलं की मशीनवर, हे कुणी सांगत नाही. मशीन कमी आकडे थोडे फुगवून दाखवतं, म्हणून ब्रिटिश मार्गदर्शिकेत (२०१६) मशीनसाठी मर्यादा ६० हजार आहे. हाताची २० हजारांची मर्यादा मशीनच्या आकड्याला लावलीत, तर तीव्र रुग्ण सौम्य ठरतो.

आणखी एक. आपल्याकडे पॅनसायटोपेनियाचं मोठं कारण बी-१२ ची कमतरता. एमसीव्ही दोन्हींत वाढू शकतो, त्यावर विसंबू नका. स्मिअरमध्ये जास्त पाळ्यांचे न्यूट्रोफिल शोधा. आणि सॅम्पलआधी बी-१२ ची इंजेक्शनं झाली होती का, हे विचाराच. कमतरताच असेल तर आठवड्याभरात रेटिक उसळतं.

मी माझ्या प्रोफॉर्मात तीन रकाने वाढवले: अ‍ॅब्सोल्यूट रेटिक, मोजायची पद्धत, आधीची इंजेक्शनं. जुन्या १९ नोंदी परत काढल्या. चौघांची इंजेक्शनांची माहिती कुठेच नव्हती. ते चौघं आता तक्त्याबाहेर आहेत.