परीराजाच्या दरबारात

'क्वीन' या रॉक बँडचा पहिला अल्बम 13 जुलै 1973 रोजी इंग्लंडमध्ये निघाला, तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलं नाही. त्याच्या आठवडाभर आधी आलेलं त्यातलं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे गाणं तर विक्रीच्या यादीत कुठेच झळकलं नाही. बाजाराचा हिशेब एवढाच. आपण मात्र त्या अल्बममधल्या चार मिनिटांपाशी जरा रेंगाळू या, 'माय फेअरी किंग' या गाण्यापाशी.

सुरुवातीलाच ड्रमर रॉजर टेलरचा तो तारसप्तकातला चीत्कार, इतका तीक्ष्ण की क्षणभर ही गिटार की गळा असा संभ्रम पडावा. तो ओसरतो न ओसरतो तोच गायक फ्रेडीचा पियानो पुढे सरसावतो. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकताना 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा तो हाच! शब्दांत रॉबर्ट ब्राउनिंगच्या बासरीवाल्याच्या कवितेतलं गरुडपंखी घोड्यांचं नवलाचं राज्य आहे; पण त्या राज्याचं वैभव खरं उभं राहतं ते कंठांच्या थरांतून. विदर्भातल्या सिंदीच्या तान्हा पोळ्यात लाकडी नंदीवर झुलीमागून झूल, माळेमागून माळ चढत जावी, तसा इथे आवाजावर आवाज चढतो, आणि हे सारं लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, इतरांची कामं आटोपल्यावर उरलेल्या वेळात! सिंथेसायझर कुणीही वाजवलेला नाही, हे त्यांनी वेष्टनावर मुद्दाम छापलं. तरुणांचा हा ताठा मला तरी फार गोड वाटतो.

आणि मग ते राज्य उद्ध्वस्त होतं. लय मंदावते, स्वर खाली येतो, आणि गाणारा आपल्या आईला 'मर्क्युरी' म्हणून हाक मारून गाऱ्हाणं सांगतो. बँडचा गिटारवादक ब्रायन मे सांगतो की, ही ओळ लिहिल्यावरच फ्रेडीने ते आडनाव घेतलं. ज्या नावाने पुढे अवघ्या जगाची मैदानं दणाणली, ते असं एका न खपलेल्या तबकडीतल्या विलापातून उगवलं, हे कळल्यावर त्या ओळीपाशी आपला कान दर वेळी थबकतोच.

उणं एकच: ड्रम्सचा कोरडा, कोंदट नाद. तो बँडलाही कधी रुचला नव्हता. 2024 मध्ये 'क्वीन वन' या नावाने निघालेल्या नव्या मिक्समध्ये तो मोकळा झाला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, आणि हेडफोन लावून.