पासोडीतील पंचीकरण व प्रशिक्षणयंत्रातील प्रत्यय

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंतांची (१५५१–१६१५) ‘पासोडी’ जतन करण्यात आली आहे. लांबलचक कापडावर ओव्या व आकृत्या यांच्या साहाय्याने पंचीकरण शिकविणारी ही कृती मराठी वाङ्मयात अपूर्व होय. कौतुक मात्र बहुधा तिच्या लांबीरुंदीचेच होते. इंद्रियांना प्रतीती कशी येते, या प्रश्नाच्या दृष्टीने ती पाहावयास हवी.

पंचीकरणाच्या मते प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा व इतर चार भूतांचा प्रत्येकी एकअष्टमांश असतो. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध हे एकेका इंद्रियाचे विषय असले, तरी अनुभवास येणारी वस्तू निर्भेळ एका गुणाची नसते. भौतिक सिद्धान्त म्हणून हे आज टिकणारे नव्हे. परंतु प्रतीती मिश्रणातून येते, हा विचार खरी परिस्थिती टाळून तिचे शिक्षण देणाऱ्या यंत्रांच्या चर्चेत उपयोगी पडतो.

एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांवर हलणारे विमानप्रशिक्षण यंत्र तयार केले. घरच्या वाद्यनिर्मितीच्या धंद्याचा हा अनपेक्षित उपयोग! आजच्या यंत्रात पडद्यावरील धावपट्टी वेगाने मागे सरते आणि त्याच वेळी कक्ष हळूहळू मागे कलतो. आंतरकर्णातील तोलेंद्रियास कल व वेगवृद्धी यांतील भेद कळत नाही. डोळा जी साक्ष देतो, तीच शरीर मान्य करते. कलण्याची गती सेकंदाला सुमारे ३ अंशांच्या आत असली, तर कल जाणवत नाही. साक्षी जुळल्या नाहीत, तर चित्र कितीही हुबेहूब असो, शिकणाऱ्यास मळमळू लागते. पंचेंद्रियांच्या गणनेत या तोलेंद्रियास स्थानच नाही, ही पंचीकरणाची उणीव येथे उघड होते. शिवाय पासोडी पाचही इंद्रियांविषयी बोलते, पण बोलते ती डोळ्याशीच.

या अनुभवास मराठीत ‘आभासी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे; तो सदोष होय. शिंपीवर भासलेले रुपे ज्ञान होताच नाहीसे होते. ‘हेत्वाभास’ या शब्दातही खोटेपणाच अभिप्रेत आहे. प्रशिक्षणकक्षात बसलेल्यास मात्र आपण जमिनीवरच आहोत हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही त्याची मूठ आवळली जाते. ज्ञानाने बाधित न होणाऱ्या या अनुभवास ‘प्रत्यय’ म्हणणे अधिक सयुक्तिक. व्याकरणातील प्रत्ययाशी होणारा घोटाळा संदर्भाने टळतो.

पासोडी व यंत्र यांचे साम्य फार ताणू नये. तत्त्वझाडा करून द्रष्ट्यास इंद्रियांहून वेगळा ओळखावयास लावणे हे पंचीकरणाचे प्रयोजन. यंत्राचे, इंद्रियांना गुंतविण्याचे. तथापि तोलेंद्रियाचा जो दोष यंत्रास उपयोगी पडतो, तोच काळोखातील उड्डाणात घातक ठरतो. वेग वाढताच विमानाचे नाक वर गेल्यासारखे वाटते आणि वैमानिक ते खाली दाबतो. म्हणून त्यास आधी प्रत्यय द्यावा लागतो, आणि मग शरीर काहीही सांगो, समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावयास शिकवावे लागते.